नातवाला घेऊन हॅलोविनला जाऊ की नको?

पत्र: ताई, मी चिपळूणची, वय ६७. लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मिस्टरांबरोबर एडिसनला, न्यू जर्सीला आलेय. बाळ आता तीन आठवड्यांचं झालं. थोरला नातू साडेचार वर्षांचा, त्याला ३१ ऑक्टोबरला डायनासोर होऊन हॅलोविनला, म्हणजे सोंग घेऊन घरोघरी खाऊ मागायला, जायचंय. लेक बाहेर पडू शकत नाही, जावई त्या दिवशी कामासाठी बाहेरगावी, त्यामुळे सगळे म्हणतायत आई तूच घेऊन जा. मला इंग्रजी जेमतेम येतं. आयुष्यभर मुलांना शिकवलं की कुणाच्या दारात जाऊन काही मागायचं नाही, आणि आता मीच नातवाला घेऊन दारोदार फिरू? मिस्टर म्हणतात घरात तान्हं बाळ असताना हे भुताखेतांचे सण कशाला. चॉकलेटमधे ब्लेड सापडल्याचे मेसेज येतात त्याची धाकधूक वेगळीच. आम्ही शाकाहारी, अंडंही खात नाही. जाऊ की नको? – एडिसनला आलेली आजी

काकू, जा. अगदी नक्की जा. आणि जावयांची सोय म्हणून नाही, नातवासाठी जा.

तुम्ही पत्रात बाळाबद्दल एक ओळ लिहिलीत आणि थोरल्याबद्दलही एवढंसंच, पण मला तोच डोळ्यासमोर येतोय. तीन आठवडे झाले त्याच्या घरात, आई एका खोलीत बाळाला घेऊन, बाबा अर्धवट झोपेत, येणारा प्रत्येक माणूस आधी पाळण्याकडे जातो आणि मग याच्याकडे वळून म्हणतो "काय मग, दादा झालास ना आता!" साडेचार वर्षांच्या पोराला दादा व्हायचं नसतं हो, त्याला आधी होता तसा एकटा लाडका रहायचं असतं. या वयाची मुलं अशा वेळी पुन्हा बोबडं बोलायला लागतात, भरवून मागतात, रात्री अंथरूण ओलं करतात, त्यात वावगं काही नाही. अशा मुलाला एक अख्खी संध्याकाळ मिळणार आहे जी फक्त त्याची आहे, ज्यात बाळाचा विषय निघणार नाही आणि ज्यात घरातलं एक मोठं माणूस पूर्णपणे त्याच्या वाट्याला येणार आहे. हे तुम्ही देऊ शकता, तुमची लेक आत्ता नाही देऊ शकत. म्हणून सांगते, त्या संध्याकाळी चुकूनही "बाळाला पण एक चॉकलेट घेऊ हं" असं म्हणू नका.

आता मागण्याचं. तुमचा संकोच मला पूर्ण कळतो आणि तो चांगल्या घरातून आलेला आहे, त्यामुळे मी तो उडवून लावणार नाही. पण एक बघा, ज्या दारांवर तुम्ही जाणार त्या दारांमागची माणसं तुमची वाट बघत असतात. ऑक्टोबर लागला की कॉस्टकोसारख्या मोठ्या दुकानांत कॅण्डीच्या मोठ्ठ्या पिशव्या येऊन पडतात, लोक त्या आणून ठेवतात, आणि ३१ ला संध्याकाळी कुणी आलंच नाही तर हिरमुसतात, विशेषतः ज्यांची मुलं मोठी होऊन लांब गेलीत अशी वयस्कर जोडपी. आणि देणंघेणं दोन्हीकडून असतं, तुम्ही शेजाऱ्यांकडे जाणार तेव्हा शेजाऱ्यांची पोरं तुमच्या लेकीच्या दारात येणार. ही पद्धत अमेरिकेत सगळीकडे रुजली ती साधारण १९३० ते १९५० च्या दरम्यान, त्याआधी या रात्री टारगट पोरं गावभर उच्छाद मांडायची, फाटकं काढून न्यायची, खिडक्या फोडायची, तेव्हा गावोगावच्या लोकांनी विचार केला की पोरांना घरोघरी बोलावून खाऊच देऊ म्हणजे उपद्रव थांबेल. म्हणजे मुळात हे गावाने आपल्या पोरांना दिलेलं आमंत्रण आहे. आमंत्रणाला गेलेल्याला कुणी मागतकरी म्हणत नाही.

आणि काकांना माझा नमस्कार सांगा आणि विचारा, शिमग्यात संकासूर यायचा तेव्हा तुम्ही काय करत होतात? तो काळा पेहराव, ती पांढरी दाढी, ती उंच टोपी, घरोघरी फिरणारा, आणि पोरं त्याच्यामागे धावायची आणि तो वळला की किंचाळत घरात पळायची. घरात तान्हं बाळ आहे म्हणून कुणी संकासुराला दार बंद केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, बाळाला आत ठेवायचे आणि सोंगाला ओटीवर काहीतरी द्यायचे. हॅलोविनचं मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडचं, सुगी संपून थंडी सुरू व्हायच्या संधिकाळचा सण, त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात अशी समजूत, म्हणून सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक लाखांनी अमेरिकेत आले, त्यांच्याबरोबर हेही आलं, आणि इथे भोपळा मोठा आणि कोरायला सोपा म्हणून सलगमचा भोपळा झाला. आज जर्सीतल्या गल्लीत ते फक्त पोरांचं सोंग आणि शेजाऱ्यांचा खाऊ एवढंच उरलंय. कुणी पूजा करत नाही, कुणाला काही आवाहन करत नाही, तुमच्या देवघराला याचा काही त्रास नाही.

बाळाची काळजी मात्र काकांची रास्त आहे, फक्त कारण वेगळं आहे. या दिवसात इकडे फ्लू, आरएसव्ही (श्वसनाचा एक विषाणू), सर्दीखोकला सुरू होतो आणि तीन आठवड्यांच्या जिवाला तो महागात पडतो. तेव्हा तुम्ही दोघं परत आलात की आपल्याकडे बाहेरून आल्यावर करतात तेच करा, आधी साबणाने हातपाय धुवा, कपडे बदला, मग बाळाच्या खोलीत. डायनासोरचा कॉस्च्युम बाहेरच्या खोलीतच उतरवायचा. दारात आलेल्या कुणालाही बाळ दाखवायला आणायचं नाही, कितीही गोड माणूस असला तरी. आणि बेल! संध्याकाळी दोन तास बेल वाजत राहिली तर बाळही झोपणार नाही आणि लेकही. यावर उपाय काकाच आहेत. त्यांना स्वेटर-मफलर घालून पोर्चमधे नाहीतर ड्राइव्हवेत (घरासमोरच्या गाडीच्या वाटेवर) खुर्ची टाकून बसवा, मांडीवर कॅण्डीचं भांडं. इथे खूप घरांत असंच बसतात. बेल वाजायचा प्रश्नच येत नाही, येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात एकेक द्यायचं आणि हसायचं, बास. मला खात्री आहे की अर्ध्या तासात काका येणाऱ्या पोरांचे कॉस्च्युम ओळखायला लागलेले असतील. थंडी सोसवेना झाली तर भांडं पायरीवर ठेवून "कृपया एक घ्या" असं लेकीकडून इंग्रजीत लिहून घ्यायचं आणि आत यायचं. कॅण्डी संपली की पोर्चचा लाइट बंद.

हा लाइट महत्त्वाचा आहे, तो तुम्हालाही फिरताना वाचायचाय. ज्या घराचा बाहेरचा दिवा चालू त्या घरी जायचं, बंद असेल तर ते घर सोडायचं, दार वाजवायचंच नाही. पायरीवर नुसतं भांडं असेल तर एकच उचलायचं. कुठे निळसर हिरवा रंगवलेला भोपळा दिसला तर त्या घरी खाण्याऐवजी छोटी खेळणी, स्टिकर असं काही मिळतं, ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी ही पद्धत २०१४ पासून देशभर पसरली, आणि तुमच्या घरी खाण्याचे नियम आहेत म्हणून ही घरं तुमच्याही सोयीची.

वेळ सांगते. अंधार पडायच्या आत निघा. जर्सीत ३१ ऑक्टोबरला सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो (घड्याळं मागे जातात ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे हॅलोविन झाल्यावर), तेव्हा पाच, सव्वापाचला बाहेर पडलात तर उजेडही असतो आणि लहान मुलांची गर्दीही त्याच वेळी असते, मोठी भीतीदायक मुखवटेवाली पोरं नंतर निघतात. एकाच गल्लीत फिरा. दहाबारा घरं खूप झाली, त्याच्या पिशवीत मावेल त्यापेक्षा जास्तच होतं. त्याने तुमच्याकडे उचलून घ्यायचा हट्ट करायच्या आधी परत फिरा, कारण तुमच्या गुडघ्यांना तो भार नको आणि इन्शुरन्स घेतलेला असला तरी इथे येऊन पडणं परवडत नाही.

ब्लेडचं एकदा मनातून काढून टाका. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या वर्षानुवर्षं तपासल्या, अनोळखी माणसाने हॅलोविनला वाटलेल्या खाऊत विष किंवा ब्लेडसारखं काही घालून एखादं मूल मारलं किंवा गंभीर जखमी केलं असं एकही सिद्ध झालेलं प्रकरण त्यांना मिळालं नाही. १९७४ साली टेक्सासमधे एक मुलगा विषारी कॅण्डीने खरंच दगावला, पण ते विष त्याच्या बापानेच विम्याच्या पैशासाठी घातलं होतं. तरी घरी येऊन कॅण्डी बघून घ्या, फाटलेलं वेष्टण असेल ते टाका, सुटं किंवा घरी बनवलेलं अनोळखी घरातून आलं असेल तर तेही ठेवू नका, एवढं पुरे.

खरी भीती रस्त्याची आहे आणि त्याचे मेसेज कुणी पाठवत नाही. अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ च्या अपघातांचा अभ्यास झालाय, त्यात हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांचे मृत्यू आजूबाजूच्या इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त निघाले, आणि सगळ्यात जास्त धोका चार ते आठ वर्षांच्या मुलांना. तुमचा नातू त्याच वयातला. आणि काकू, तुमच्या बाबतीत यात एक जास्तीची गोष्ट आहे जी इथल्या आज्यांना लागू नाही. तुमची मान रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे वळते. साठ वर्षांची सवय आहे ती. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे तुम्ही रस्त्यात पाय टाकलात की पहिली गाडी डावीकडून येणार. आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे, हे मनात नाही, तोंडाने मोठ्याने म्हणा, नातूही तुमच्याबरोबर म्हणेल, त्याला शाळेत शिकवलेलं असतं बहुतेक. इकडूनतिकडे नागमोडी रस्ता ओलांडत फिरायचं नाही, आधी गल्लीची एक बाजू पूर्ण करा, कोपऱ्यावर जाऊन ओलांडा, मग दुसऱ्या बाजूने परत. साइडवॉक (फुटपाथ) नसेल तर रस्त्याच्या डाव्या कडेने चालायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी तुम्हाला दिसते. आणि ड्राइव्हवे! उभी आहे असं वाटणारी गाडी मागे यायला लागते आणि मागच्या काचेतून साडेचार वर्षांचं पोर दिसत नाही. प्रत्येक ड्राइव्हवेपाशी हात धरायचा, सोडायचा तो फक्त दाराच्या वाटेवर.

कॉस्च्युमबद्दल थोडं. डायनासोरची शेपटी जमिनीवर लोळत असेल तर ती पायात येते, तुम्ही सुईदोरा घेऊन चार टाके घालून वर धरून टाका, तुमच्या हातचं काम आहे ते. मुखवटा असेल तर तो नकोच, त्यातून बाजूचं दिसत नाही, त्यापेक्षा गालावर हिरवा रंग लावा, तो अंगाला चालतो का हे आदल्या दिवशी मनगटावर लावून बघा. आत गरम कपडे, कॉस्च्युम वरून, म्हणजे जाकीट घालून डायनासोर झाकायची वेळ येत नाही आणि रडारडही टळते. पाठीवर चमकणारी पट्टी किंवा हातात ग्लोस्टिक (अंधारात चमकणारी कांडी), तुमच्या हातात बॅटरी. तुम्ही स्वतः पायात बूट घाला, चपला नकोत, सुकलेल्या पानांवरून पाय सटकतो आणि त्या दिवसात सगळीकडे पानंच पानं असतात. साडी तुमची रोजची असेल तर खुशाल साडी नेसा, जरा आखूड. कुणी विचारलं की तुम्ही काय बनून आलात, तर हसून सांगा की मी याची आजी आहे. मुद्दाम नऊवारी नेसून सोंग म्हणून जायला मात्र मी सांगणार नाही, ते आपलं नेहमीचं नेसणं आहे, ते सोंगात कशाला घालायचं.

इंग्रजीची तर चिंताच सोडा, कारण दारात बोलायचंय त्याने. त्या संध्याकाळी पुढे तो, मागे तुम्ही. त्याला गल्ली माहीत आहे, भाषा माहीत आहे, काय म्हणायचं ते माहीत आहे, आणि घरात सगळे त्याला "हळू बोल, बाळ झोपलंय" सांगत असताना इथे त्याला मोठ्याने ओरडायची परवानगी आहे. तो "ट्रिक ऑर ट्रीट" (खाऊ द्या नाहीतर खोडी काढू) म्हणेल, तुम्ही दोन पावलं मागे उभ्या रहा, घराच्या आत मात्र पाऊल टाकायचं नाही, त्यानेही आणि तुम्हीही. निघताना त्याने "थँक यू" म्हणायचं, तुम्ही "हॅपी हॅलोविन" म्हणायचं. एवढ्या दोन शब्दांवर संध्याकाळ निघते. शाळेत, शेजारी त्याला जे जमतं ते आजीला जमत नाही आणि तो आजीला शिकवतोय, हे त्याला कळू द्या, मुद्दाम विचारा त्याला, "आता या घरी काय म्हणायचं रे?" दादा झालास म्हणून सांगून जे होत नाही ते अशाने होतं.

तो घाबरेल एखाद्या घरी, हे धरून चाला. लोक अंगणात प्लॅस्टिकचे सांगाडे उभे करतात, जवळ गेलं की डोळे लाल होतात आणि आवाज येतो, कुठे धूर सोडतात, कुठे माणूसच पुतळ्यासारखा बसलेला असतो आणि एकदम उठतो. त्याने तुमचा पदर घट्ट धरला की ते घर सोडून द्या. "काय घाबरतोस, डायनासोर ना तू" असं म्हणू नका. उद्या उजेडात बघू म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच नेऊन दाखवा की त्या सांगाड्याला पाठीमागे बॅटरीचं झाकण आहे. आणखी एक, दार उघडलं की कुत्रं बाहेर झेपावतं बऱ्याच घरी, तेव्हा त्याला दारापासून हातभर लांब उभं रहायला आधीच सांगून ठेवा.

फोन घरातल्या कुणाचा तरी इथल्या सिमचा घ्या, तुमचं भारतातलं सिम ऐन वेळी चालेल न चालेल. व्हॉट्सॲपवर लेकीला लाइव्ह लोकेशन पाठवून ठेवा, ती खिडकीपाशी बसून काळजी करणार नाही. घराचा पत्ता आणि लेकीचा नंबर एका कार्डावर लिहून एक तुमच्या पर्समधे, एक त्याच्या आतल्या खिशात. आणि जमल्यास जावयांना सांगा की जायच्या आधी शेजारच्या एखाद्या कुटुंबाला मेसेज टाकून ठेवा, त्यांच्या मुलांबरोबर गेलात तर तुम्हालाही सोबत होते.

आता शाकाहाराचं. कॅण्डी रस्त्यात खायची नाही, सगळी घरी येऊन बघून मगच, हे त्याला निघायच्या आधी सांगा, रस्त्यात सांगून उपयोग नाही. घरी जमिनीवर पसरा आणि मागची बारीक अक्षरं लेकीकडून वाचून घ्या. जिलेटिन प्राण्यांपासून करतात आणि ते गमी बेअर, मार्शमेलो, कॅण्डी कॉर्न, इथलं स्टारबर्स्ट यात असतं. स्निकर्स, मिल्की वे, थ्री मस्केटीअर्स यात अंड्याचा पांढरा भाग असतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. साधं हर्शी, किटकॅट, साधे एमअँडएम यात जिलेटिन नाही आणि अंडंही नाही, आणि हेच सगळ्यात जास्त मिळतं, त्यामुळे पोराचं काही अडत नाही. त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर रीसेस आणि स्निकर्स बाजूला. कडक गोल गोळ्या आणि च्युइंगगम या वयात घशात अडकतात, त्या काढून टाकाच, यात दयामाया नको. बाकी काढून घेतलेल्याच्या बदल्यात काकांच्या भांड्यातलं त्याला चालणारं तेवढंच परत द्या, नाहीतर त्याला वाटेल आजीने फिरवलं आणि आजीनेच घेतलं.

किती खायचं हा प्रश्न तुमचा नाही, लेकीचा आहे. ती म्हणाली रोज दोन, तर रोज दोन. आज्यांचा हात इथे सैल सुटतो, मला माहितीये, पण बाळंतीण आधीच दमलेली आहे, तिने ठरवलेलं तुम्ही मोडलंत तर रात्री दात घासताना भांडण तिच्या वाट्याला येतं. आधी विचारून घ्या आणि तेच पाळा.

आणि दोनतीन दिवस आधी घरात एक रंगीत तालीम करा. काकांना झोपायच्या खोलीत दाराआड बसवा, हातात वाटीभर खडीसाखर किंवा बेदाणे, नातवाने शेपटी लावून यायचं, दार वाजवायचं, म्हणायचं, एकच उचलायचं, थँक यू म्हणून वळायचं, आणि तुम्ही मागे दोन पावलं उभ्या रहायचं. सांगाड्याला घाबरला तर आजीला काय खूण करायची तेही तिथेच ठरवून टाका. फक्त काकांना सांगून ठेवा की दार लगेच उघडायचं नाही, जरा थांबवायचं, कारण बाहेर लोकांना दारापर्यंत यायला वेळ लागतो आणि साडेचार वर्षांच्या पोराला नेमकं तेवढंच थांबणं अवघड जातं.